पाया मी पडतो

गोमाजी एका जागी बसत नव्हते, आणि एकोडी गावात ही बातमी होती. एरवी हा माणूस बसला की बसला. सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर टेकले की ऊन पायावर येईपर्यंत हलायचे नाहीत, आणि गावात ज्यांचं ज्यांचं भांडण असेल ते तिथंच येऊन त्यांना गाठायचे. वय एकाहत्तर, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज खणखणीत. पण गुरुवारच्या संध्याकाळपासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. ओट्यावर बसले की उठत, घरात गेले की बाहेर येत. चहाचा कप हातात घेऊन अंगणात चार येरझारा घालत आणि चहा तसाच तुळशीपाशी ठेवून देत. त्यांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी, असा गार झालेला चहा दोन दिवसांत तीनदा उचलला आणि एकदाही विचारलं नाही की काय झालं म्हणून.

झालं होतं ते असं. गुरुवारी गोमाजी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, वालाच्या वेलाला काठी लावत होते. भिंतीच्या आत चुलीपाशी त्यांची नात अपेक्षा आजीच्या कमरेला तेल चोळत बसली होती. थंडी पडली की शकुंतलाबाईंची डावी कमर धरायची, वर्षानुवर्षं. अपेक्षा सतरा वर्षांची, बारावीला. तिचा बाप धर्मेंद्र साकोलीत बियाण्यांचं दुकान चालवायचा, आणि पोरीला दुकानापेक्षा, अभ्यासापेक्षा, जेवणापेक्षाही कराटे प्यारं होतं.

"आजी, रविवारी साकोलीले माही शेवटची मॅच," ती म्हणत होती. "औंदा हरली ना, तर बेल्ट रिता मॅडमच्या हातात देईन आणि सोडून देईन."

"काहून वो?"

"दोनदा हरली मी. दोन्ही वेळा जिंकली असती. किक बराबर लागते, आणि मंग हात आपोआप खाली जाते, समोरच्या पोरीच्या पाया पडाले. आबाजीनं लावलेली सवय हाय ते. काही केल्या जात नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "आबाजीले नको सांगू. वाईट वाटन त्यायले."

वेलाची काठी गोमाजींच्या हातातच राहिली.

आता ही सवय काय, ते सांगायला सहा वर्षं मागं जावं लागेल. रिता तेव्हा एकोडीत दुसऱ्या एका घरी नवी सून म्हणून आली होती. साकोलीच्या कॉलेजात असताना तिने कराटेचा काळा पट्टा मिळवला होता, आणि लग्न झालं म्हणून तो पेटीत टाकून देणाऱ्यांतली ती नव्हती. सासूला पटवून तिने संध्याकाळी समाजमंदिरात पोरींना शिकवायला सुरुवात केली. पाच पोरी आल्या. पहिले आठ दिवस गावाला फुकटची करमणूक झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात भांडण. गिरजाबाईंच्या नातीने किक मारली ती तिच्याच मोठ्या चुलतबहिणीच्या छातीवर लागली. झालं. दोन्ही घरच्या बाया समाजमंदिरासमोर पदर खोचून उभ्या. आपल्याकडे सुपाला पाय लागला तरी माणूस वाकून हात लावतो आणि कपाळाला नेतो, पुस्तकाला लागला तर दोनदा. आणि इथं पोरी वडीलधाऱ्यांना राजरोस लाथा मारून राहिल्या, हे काय शिक्षण आहे काय? वर्ग बंद करा, असं सगळे म्हणू लागले. मग कोणीतरी म्हणालं, गोमाजीले बोलवा.

गोमाजी आले, ओट्यावर बसले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि निवाडा दिला. वर्ग चालू राहील. पण जिचा पाय जिला लागेल तिने तिथंच तिला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला लावायचा. दर वेळी, न चुकता. रिताने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि "बरं मामाजी" म्हणाली, कारण दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

आणि खोटं कशाला बोला, निवाडा गावाला मानवला. पाचाच्या तीस झाल्या. पोरींच्या मागून त्यांच्या आया आल्या, काकू आल्या. त्यांतल्या आनंदाबाईंचा आणि त्यांच्या जावेचा अकरा वर्षांचा अबोला होता, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एका चिंचेवरून. रिताने मुद्दाम दोघींची जोडी लावली. रोज चाळीस वेळा एकमेकींच्या पाया पडल्यावर अबोला तरी किती दिवस टिकणार? दिवाळीपर्यंत दोघी बोलायला लागल्या, आणि चिंचेवरून नव्याने भांडायलाही लागल्या. गोमाजींना याचा एवढा अभिमान, की घरी पाव्हणा आला की चहाच्या आधी ही गोष्ट. रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळातून परतताना ते समाजमंदिराच्या दारात घडीभर उभे राहायचे, आतल्या पोरी किक मारून कपाळाला हात लावताना पाहायचे, मान डोलवायचे आणि घरी यायचे. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

त्या गुरुवारी मात्र ते दारात थांबले नाहीत, सरळ आत गेले. पोरी घरी निघाल्या होत्या, रिता चटया गुंडाळत होती.

"खरं सांग," गोमाजी म्हणाले. "अपेक्षा कायले हरली?"

रिताने चटई खाली ठेवली. "मामाजी, हे तुमी मले विचाराले सहा वर्षं लावले," ती म्हणाली, आणि मोबाईल काढला.

त्यात गेल्या वर्षीचा सामना होता. लाल पट्ट्यातली अपेक्षा चित्त्यासारखी पुढे आली, तिचा पाय समोरच्या पोरीच्या पोटावर लागला, आवाजसुद्धा ऐकू आला. आणि लगेच तिचा उजवा हात खाली आला, त्या पोरीच्या दंडाला लागला आणि कपाळाकडे निघाला. तो कपाळापर्यंत पोचायच्या आत समोरून ठोसा. मोबाईलमध्ये लोक हसले. रेफ्रीसुद्धा तोंड फिरवून हसला. गोमाजींनी ते तीनदा लावून घेतलं.

"किक तर लागली. मंग पॉइंट काहून नाही?"

"किक लागल्यावर बी हात वर पाहिजे आणि नजर समोर पाहिजे. मारून झाल्यावर जो गाफील झाला त्याचा पॉइंट धरत नाही, नियमच हाय तसा. म्हणजे हिचा पॉइंट गेला, आणि वरून ठोसा खाल्ला तो वेगळा."

"मंग त्या रेफ्रीले वळण नाही," गोमाजी भडकले. "पोरगी माफी मागून राहिली आणि त्या दुसऱ्या भवानीनं तिले ठोसा हाणला. असं कुठं असते काय?"

"तिथं असंच असते, मामाजी. डोक्यावर किक लागली तर तिथं तीन पॉइंट देतात. आपल्या पोरी डोक्यावर मारतच नाहीत. माणसाच्या डोक्याले पाय लावाचा, या विचारानंच त्यायचे गुडघे वर जात नाहीत."

गोमाजींनी मोबाईल तिच्या हातात दिला. मग म्हणाले, "तर बंद करून टाक ना ते पाया पडणं. मी सांगतो."

"अपेक्षापुरतं मी मे महिन्यातच बंद केलं. तोंडानं हो म्हणते, हात ऐकत नाही. एक दिवस मी रागावली तिच्यावर. तर काय म्हणते ठाऊक हाय? मॅडम, हात नाही लावला की वाटते, आबाजी दारात उभे राहून पाहून राहिले."

गोमाजींनी दाराकडे पाहिलं. रोज ते उभे राहायचे तिथली जमीन चपलांनी घासून गुळगुळीत झाली होती.

रात्र कशीबशी गेली. शुक्रवारी सकाळी शकुंतलाबाई अंगणात नवे तांदूळ सुपात घेऊन निवडत बसल्या होत्या आणि गोमाजी त्यांच्याभोवती फेऱ्या घालत होते. माणसाची चूक झाली की तो आधी ती चूक नाही हे सिद्ध करायला बघतो, गोमाजींचं तेच चाललं होतं.

"मी वाईट काय सांगतलं? पाय लागला तर माफी मागाची, एवढंच ना? लहानपणापासून हेच शिकवतो आपण. माणसानं एवढं बी नाही केलं तर मंग जनावरात आणि..."

"मले लागला होता तवा?"

सूप थांबलं नव्हतं. गोमाजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय?"

"पाय. मले लागला होता तवा तुमी कोनाच्या पाया पडले?"

धान कापणीचे दिवस होते ते, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे. शकुंतलाबाई शिदोरी घेऊन बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, दोन तास उशिरा पोचल्या, कारण लहानग्या धर्मेंद्रला ताप होता आणि तो कडेवरून उतरत नव्हता. गोमाजी सकाळपासून उपाशी, त्यात मजूर पळालेले. त्या शिदोरी उतरवायला वाकल्या आणि गोमाजींनी कमरेत लाथ घातली. त्या धुऱ्यावर पडल्या. मग उठल्या, लुगडं झटकलं, भात वाढला. गोमाजी जेवले. दोघांपैकी कोणीही ती गोष्ट परत काढली नाही, आणि गोमाजींच्या मनात ती इतकी खोल गाडली गेली होती, की कोणी शपथेवर विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. आता मात्र त्यांना सगळं दिसलं. भातावर कोणती भाजी होती तेही आठवलं.

"तुमी निवाडा दिला ना सहा वर्षांपूर्वी," शकुंतलाबाई खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "तवा मी दारात उभी होती. मले वाटलं, घरी येऊन आता काही बोलतील. नाही बोलले. तुमची माफी गावच्या पोरी मागून राहिल्या, सहा वर्षांपासून. पाहून राहिली मी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गोमाजींना बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता आलं असतं.

ते चप्पल पायात सरकवून निघाले. बांधीवर गेले. धान कापून झालं होतं, पुंजने रचलेले होते, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे ते मोठाले ढीग. तिथं टेकावं म्हटलं तर समोर तोच धुरा. तिथून तलावाच्या पाळीवर गेले, तिथंही दोन मिनिटं. तलावावरून हमरस्त्यापर्यंत, हमरस्त्यावरून परत. दुपारी एका ओळखीच्या माणसाने मोटरसायकल थांबवून विचारलं, "गोमाजी, कुठं जाऊन राहिले?" तर ते म्हणाले, "कुठंच नाही, बावा," आणि तसेच चालत राहिले. इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

संध्याकाळी ते समाजमंदिरात गेले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की आपण आपला शब्द मागे घेतला. आजपासून कोणी कोणाच्या पाया पडायचं नाही.

तीस जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. आनंदाबाई पुढे आल्या. त्या पन्नाशीच्या, पांढऱ्या कराटे ड्रेसवर त्यांनी शाल घेतली होती. "भाऊजी, आमचं नका बंद करू," त्या म्हणाल्या. "हिच्या पाया पडली नाही ना मी, तर उद्या हिच्यासंगं पुन्हा अबोला सुरू. माह्या रागाचा मले भरवसा नाही."

जावेनेही मान हलवली. त्या दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हावं, हे गावात पहिल्यांदाच घडत होतं.

"बरं, तुमचं चालू द्या," गोमाजी म्हणाले. "अपेक्षाचं बंद."

अपेक्षा रितासमोर उभी राहिली. किक मारली, हात खाली गेला. पुन्हा मारली, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तिने हात मुठीत घट्ट आवळून धरला, तर ती मूठच कपाळाकडे निघाली. गोमाजी "नको, नको" म्हणत राहिले आणि त्यांचा आवाज ऐकून तिचा हात आणखीच लवकर जायला लागला. शेवटी तिने तोच हात रागाने भिंतीवर आपटला आणि बाहेर निघून गेली. शब्द मागे घेता येतो, पण तो पोरीच्या हातात जाऊन बसला होता. तिथून तो कसा काढायचा, हे गोमाजींना ठाऊक नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ते पुन्हा आले. दिवसभर पुन्हा चालले होते ते पायांवरच्या धुळीवरून दिसत होतं. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढून आनंदाबाईंच्या हातात दिली. गोमाजींचं टक्कल गावात कित्येकांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग ते रिताजवळ गेले आणि तिच्या हातातलं पॅड घेतलं. किक झेलायला असते ती जाड गादी.

"अपेक्षा, ये. मार मले."

"आबाजी, काहीतरीच काय."

"मार म्हणतो ना."

रिता म्हणाली, "मामाजी, तुमचं वय..." आणि गोमाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती बाजूला झाली. पण जवळच उभी राहिली, हात पुढे करून.

अपेक्षाने पाय उचलला आणि पॅडला नुसता टेकवला.

"कोंबडी हाकलून राहिली काय? मार."

दुसरी खरी लागली. गोमाजी दोन पावलं मागे गेले, आणि अपेक्षा पुढे धावून त्यांच्या पायांवर कोसळली. हाताने नाही, डोक्यानेच. ती रडत होती.

गोमाजींनी तिला दंडाला धरून उठवलं. मग बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोनदा असं झालं. भांडणात ज्यांच्या जिभेला कधी गाठ पडली नाही त्या माणसाची ही गत.

"ऐका," ते शेवटी म्हणाले. "मी एकदा लाथ मारली होती. कराटेत नाही. हिच्या आजीले मारली, बांधीवर, जेवण उशिरा आणलं म्हणून. आणि पाया पडलो नाही. नंतर जेवलो बी. चव्वेचाळीस वर्षं झाली त्या गोठीले. आणि तुमाले शिकवत बसलो मी." त्यांनी अपेक्षाकडे पाहिलं. "तू कोनावर रागावून लाथ मारत नाहीस, पोरी. तुले माफी कायची मागाची हाय? ते पाया पडणं माहं काम होतं, मी ते तुमच्या अंगावर टाकलं. आता ज्याचं त्यानं करावं. तू किक मार. पाया मी पडतो."

आनंदाबाईंनी टोपी छातीशी धरली होती.

गोमाजींनी पॅड पुन्हा सरसावलं. अपेक्षाने किक मारली. तिचा हात निघायच्या आत गोमाजींनी आपला हात पॅडमधून काढला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. तिचा हात अर्ध्या वाटेत थबकला. दुसरी किक, पुन्हा गोमाजींचा हात कपाळाला. तिसरी, चौथी. पोरीला रडता रडता हसू यायला लागलं, कारण म्हातारा दर किकेला धडपडत मागे जाई आणि सावरायच्या आधी कपाळाला हात लावी. आठव्या किकेला तिचा हात छातीपाशी थांबला. अकराव्याला हललाच नाही. मग गोमाजींनी पॅड वर उचललं आणि आपल्या उघड्या टकलाच्या शेजारी धरलं.

"आता इथं. ते तीन पॉइंटवाली."

त्याला मात्र सहा खेपा लागल्या. पहिल्या पाच किका त्यांच्या खांद्याच्या वर गेल्याच नाहीत. सहावी पॅडवर बसली, कानाजवळ, आणि अपेक्षाचे दोन्ही हात जागच्या जागी राहिले. गोमाजी तेवढ्यात मटकन खाली बसले, आणि रिताने पॅड काढून घेतलं.

"झालं ना?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"इथं झालं," रिता हळूच म्हणाली. "इथं तुमी समोर हाय. उद्या दुसरी पोरगी राहील."

एकोडीत माणूस घरी पोचायच्या आधी त्याची बातमी पोचते. गोमाजी आले तेव्हा शकुंतलाबाईंनी ताट वाढलेलं होतं आणि शेकायला पाणी गरम करून ठेवलेलं होतं. सगळ्या गावासमोर निघालेले गोमाजींचे शब्द घरात निघेनात. पण रविवारी सकाळी ऑटो दारात आला तेव्हा शकुंतलाबाई हिरवं लुगडं नेसून सगळ्यांत आधी त्यात जाऊन बसल्या होत्या. नातीचा सामना बघायला त्या या आधी कधीही गेल्या नव्हत्या.

सामने साकोलीच्या एका मंगल कार्यालयात होते. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून स्टेजवर लोंबत होती आणि खाली निळ्या-लाल मॅट अंथरल्या होत्या. शकुंतलाबाई तिसऱ्या ओळीत खुर्चीवर बसल्या. गोमाजी त्यांच्याशेजारी बसले, उठले, बसले, उठले. मागून लोक ओरडायला लागले, "बाबाजी, बसा ना, दिसत नाही." ते बसत आणि पुन्हा उठत.

अपेक्षाने पहिले दोन सामने नुसत्या ठोशांवर जिंकले. एकही किक मारली नाही. रिताच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण पोरगी किक मारायला भीत होती हे तिला दिसत होतं. आणि अंतिम सामन्यात समोर आली सत्यवती, बपेरा गावची, अपेक्षापेक्षा वीतभर उंच, लांब हातांची. तिच्यापर्यंत ठोसा पोचणं शक्यच नव्हतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात सत्यवतीचे दोन, अपेक्षाचा शून्य.

मग अपेक्षाने किक मारली. पोटावर लागली. आणि हात निघाला. छातीच्या खाली आला, तेवढ्यात सत्यवतीचा ठोसा बसला. तीन-शून्य. कोणीतरी हसलं. रिताच्या मोबाईलमध्ये ज्याचं गेल्या वर्षीचं हसणं होतं तो बहुतेक पुन्हा आला असावा.

रिताने डोळे मिटले. गोमाजी मात्र उभेच होते, आणि त्यांनी एक गोष्ट केली. ते वाकले, भरल्या सभागृहात, टोपी सावरत, आणि त्यांनी शकुंतलाबाईंच्या पावलाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. आजूबाजूचे लोक चमकून बघायला लागले. शकुंतलाबाई समोर मॅटकडेच पाहत राहिल्या, फक्त त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

आपल्या जागेवर परतताना अपेक्षाने एकदा तिसऱ्या ओळीकडे पाहिलं होतं. तिने पाहिलं की आबाजी आजीच्या पायापाशी वाकलेले आहेत. तिने पट्ट्याची गाठ घट्ट केली.

दुसरी किक कमरेच्या वर लागली. उजवा हात जरासा हलला आणि हनुवटीपाशीच राहिला. पंचांचे झेंडे वर गेले, अंगावरच्या किकेचे दोन पॉइंट. तीन-दोन. गोमाजी पुन्हा वाकले. मग सत्यवतीचा एक ठोसा, चार-दोन. दहा सेकंद उरले होते. रिता ओरडून काहीतरी सांगत होती, पण ते काय असेल ते अपेक्षाला ऐकायची गरज नव्हती. दोन पॉइंटने बरोबरी झाली असती, आणि पहिला पॉइंट सत्यवतीचा असल्यामुळे बरोबरीत तीच जिंकली असती. एकच किक तीन पॉइंटची असते.

सत्यवती पुढे आली. अपेक्षाचा पाय जमिनीवरून उचलला गेला, कमरेवरून, खांद्यावरून वर, आणि त्या उंच पोरीच्या कानशिलाला हलकेच लागला, गालावरून नुसता हात फिरावा तेवढाच. माणसाच्या डोक्याला पाय. अपेक्षा पाय खाली घेऊन उभी राहिली. दोन्ही हात वर, नजर सत्यवतीच्या डोळ्यांत. रेफ्रीने सामना थांबवला, चारही कोपऱ्यांतले झेंडे वर होते. अपेक्षाचे पाच, सत्यवतीचे चार. मग उरलेली चार सेकंदं ती नुसती मागे मागे सरकत राहिली, आणि संपलं.

रेफ्रीने तिचा हात उचलला. दोघींनी वाकून नमस्कार केला. आणि सगळं झाल्यावर अपेक्षा सत्यवतीजवळ गेली, तिच्या डोक्याला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला लावला, निवांत. सत्यवती आधी गोंधळली. मग तिने ठोसे मारले होते ते आठवून अपेक्षाच्या खांद्याला हात लावला आणि कपाळाला नेला.

इकडे गोमाजी शेवटच्या किकेसाठी वाकले. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, पाऊल कुठं आहे ते दिसेना. आणि हात पोचायच्या आत शकुंतलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"घडीघडी पायाले काहून हात लावून राहिले?" त्या म्हणाल्या. "पायाले नव्हती लागली."

त्यांनी ते मनगट ओढलं आणि गोमाजींचा तळवा आपल्या डाव्या कमरेवर ठेवला.

"इथं लागली होती."

गोमाजींचा हात तिथं राहिला. लुगड्याखालून तेलाचा वास येत होता, अपेक्षाने सकाळी चोळलेल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी तो हात उचलला आणि कपाळाला लावला.

"बसा आता," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मांगच्या लोकायले दिसत नाही."

गोमाजी बसले.